चेनसॉमध्ये कोणतं ऑइल टाकायचं? वीस मिलीचा हिशोब

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या, आणि गावातल्या मशीनवाल्या मित्राला फॉरवर्ड करा.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतोय. काटोलकडचा एक पोरगा आहे, घरी संत्र्याची बाग. आईच्या बचत गटातून पैसे उचलून त्यानं ऑनलाइन एक चेनसॉ घेतली. बागेतली सल काढायची, आणि वादळात कुठे झाड पडलं की कापून द्यायचं, असा विचार. दोन महिने काम बरं चाललं. मग एका दुपारी मशीन चालता चालता कर्रकन बंद पडली, आणि दोरी ओढली तर दोरीच येईना. मेकॅनिकनं उघडून सांगितलं, पिस्टन-सिलिंडर दोन्ही गेले. पोरगा म्हणतो, "भाऊ, ऑइल तर टाकून राहिलो होतो नं मी! घरी गाडीचं उरलेलं होतं, तेच टाकलं."

राजेहो, घोळ इथंच आहे. ऑइल टाकलं होतं, पण चुकीचं.

या इंजिनाला ऑइलची टाकीच नसते

तुमच्या बाईकचं इंजिन फोर-स्ट्रोक. त्याच्या तळाशी ऑइल साठलेलं असतं, तेच फिरत राहतं आणि काही हजार किलोमीटरनंतर आपण बदलतो. चेनसॉला असा साठा नसतो. पेट्रोल, हवा आणि त्यात मिसळलेलं ऑइल हे सगळं आधी क्रँककेसमधून जातं. तिथं पेट्रोलची वाफ होते आणि ऑइलचे बारीक थेंब बेअरिंगवर, कनेक्टिंग रॉडवर, पिस्टनवर बसतात. मग तेच ऑइल वर जाऊन पेट्रोलसोबत जळतं.

म्हणजे या ऑइलला दोन कामं आहेत: आधी वंगण द्यायचं, आणि मग मागे घाण न ठेवता जळून जायचं. गाडीचं २०-डब्ल्यू-४० ऑइल पहिलं काम थोडंफार करेल, पण दुसऱ्यासाठी ते बनलेलंच नाही. त्यातल्या धातूयुक्त रसायनांची जळल्यावर राख होते. ती प्लगवर बसते, रिंगच्या खाचेत बसते. रिंग अडकली की पिस्टन सिलिंडरला घासायला लागतो.

आणि वेग बघा. पूर्ण रेस दिली की चेनसॉ मिनिटाला १२ हजार फेऱ्यांच्या आसपास जाते. म्हणजे सेकंदाला २००! वरून हे इंजिन फक्त हवेनं थंड होतं, आणि मे महिन्यात आपल्याकडची हवा ४५ डिग्रीची. इथं चूक माफ होत नाही.

"पण बाबांच्या लुनात तर काहीही चालायचं!"

घरी विचारा, टू-टी ऑइलचं नाव सगळ्यांना माहीत असतं. लुना, जुनी चेतक, आरएक्स १००, सगळ्या टू-स्ट्रोक. पंपावर पेट्रोलसोबत ऑइल मारून घ्यायची सवयच होती. त्यांच्या निळ्या धुरानं शहरं इतकी त्रासली की जुलै १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीत सुट्टं टू-टी ऑइल विकणं बंद करायचा आदेश दिला, आणि पंपावर मोजूनच मिसळून द्या म्हणून सांगितलं. कारण लोक अंदाजानं ओतायचे, आणि सुट्ट्या ऑइलमध्ये काय आहे ते कुणालाच माहीत नसायचं.

लुनाचं इंजिन ५० सीसीचं, सावकाश चालणारं. चेनसॉ मात्र सुरू झाली की बहुतेक वेळ पूर्ण रेसवरच असते. म्हणून "लुनात चालायचं" हा हिशोब इथं लागत नाही.

बाटलीचं तोंड नको, पाठ वाचा

दुकानात गेलात की समोरचं चित्र, रंग, "रेसिंग" वगैरे शब्द सोडून द्या. रंग तर फक्त ओळखीसाठी असतो. साधं पेट्रोल आणि मिश्रण यांची गल्लत होऊ नये म्हणून ऑइल निळं, लाल नाहीतर हिरवं करतात. मागच्या बाजूला इंग्रजीत ग्रेड छापलेली असते, ती शोधा.

• जासो एफबी: खालची पायरी. चेनसॉसाठी टाळा.
• जासो एफसी: धूर कमी. कधीमधी हलकं काम असेल तर चालेल.
• जासो एफडी: धूर एफसीइतकाच कमी, पण इंजिन आतून जास्त स्वच्छ ठेवतं. रोजच्या कामाला हेच घ्या. याच्या तोडीची दुसरी खूण म्हणजे आयएसओ-एल-ईजीडी.
• टीसी-डब्ल्यू-थ्री: हे बोटीच्या, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाचं. स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

बाटलीवर नुसतं "टू-टी" लिहिलंय आणि ग्रेडच नाही? ठेवून द्या परत.

आणखी एक गोष्ट. पट्टी आणि साखळीसाठी चेनसॉला वेगळी टाकी असते, त्यात चेन ऑइल जातं. हे दोन एकमेकांच्या जागी टाकू नका. साखळीला गॅरेजमधलं जळलेलं काळं ऑइल टाकायची पद्धत आहे, तीही सोडा. ते साखळीला नीट चिकटत नाही, आणि तुमच्या कपड्यांवर, हातावर, झाडाच्या ताज्या कापावर उडतं.

किती टाकायचं?

मॅन्युअलमध्ये ५०:१, ४०:१ किंवा २५:१ असं लिहिलेलं असतं. एक लिटर पेट्रोलला याचा अर्थ असा:

• ५०:१ म्हणजे २० मिली
• ४०:१ म्हणजे २५ मिली
• २५:१ म्हणजे ४० मिली

इथं एक बारीक गंमत आहे. स्टिलसारख्या कंपनीच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये स्वतःच्या ऑइलला ५०:१ आणि दुसऱ्या ऑइलला २५:१ सांगितलेलं असतं. म्हणजे ऑइल बदललं की प्रमाणही बदलू शकतं. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त मशीनना २५:१ सांगितलेलं असतं. शेजाऱ्याचं प्रमाण उचलू नका, आपल्या मशीनचं मॅन्युअल बघा.

"जास्त टाकलं तर जास्त सेफ?" नाही भाऊ. जास्तीचं ऑइल पूर्ण जळत नाही. सायलेन्सरची जाळी कार्बननं बुजते, प्लग ओला होतो, आणि तो धूर आधी तुमच्याच छातीत जातो. कमी टाकलं तर मशीन जाम. म्हणून मोजा. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, झालं काम.

मिसळताना पेट्रोलसाठीचाच डबा घ्या, पाण्याची बाटली नको. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. मशीनच्या टाकीत थेट मिसळू नका. आणि गरम मशीनमध्ये पेट्रोल भरू नका, आधी थंड होऊ द्या.

इथेनॉलचं काय?

हा प्रश्न आता महत्त्वाचा झालाय, कारण पंपावरचं साधं पेट्रोल आता ई-२० आहे. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पण चेनसॉच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. श्रावणात अर्धा भरलेला डबा महिनाभर कोपऱ्यात पडला, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसू शकतं, आणि ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतली नळी मात्र तळातूनच ओढते. म्हणजे तुम्ही २० मिली बरोबर मोजून टाकलं, तरी इंजिनाला ऑइल मिळतच नाही!

म्हणून तीन सवयी लावा. लागेल तेवढंच मिश्रण बनवा. डबा घट्ट बंद करून सावलीत ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. आणि मशीन बरेच दिवस ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून, आतलं उरलेलं संपेपर्यंत चालवून मगच ठेवा.

जाता जाता

प्लग काढून बघायची सवय ठेवा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर बरं चाललंय. काळा, ओलसर असेल तर ऑइल जास्त किंवा हलकं. पांढरट असेल तर इंजिन तापतंय, काम थांबवा आणि मेकॅनिकला दाखवा.

आणि हो, मशीन चांगली झाली म्हणून कोणतंही झाड कापायला मोकळे झालात असं नाही. शहरात १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, गावाकडे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. कामाला हो म्हणायच्या आधी मालकाकडे परवानगीचा कागद मागा.

आपल्या काटोलच्या भावानं नवा पिस्टन-सिलिंडर सेट बसवलाय. त्याचा खर्च आणि बुडालेली कामं जोडली तर वर्षभराचं चांगलं ऑइल आलं असतं, असं त्यानंच कळवलं. आता म्हणे त्याच्या डब्याला दोरीनं सिरिंज बांधलेली असते.

तुमच्या बाटलीच्या पाठीवर काय लिहिलंय? फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात साखळीला धार लावण्याबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, चष्मा आणि हेल्मेट घालूनच मशीन हातात घ्या. भेटूच!