दारुमाचा डोळा, जोह्याचा पाट

जपानला नेणाऱ्या मराठी सहलींचे कार्यक्रमपत्रक उघडले की तीन गोष्टी हमखास सापडतात. टोकियोतील असाकुसाचे सेन्सोजी आणि क्योटोतील फुशिमी इनारी ही देवस्थाने, हाकोनेसारख्या ठिकाणी ओन्सेनमध्ये, म्हणजे नैसर्गिक गरम झऱ्याच्या पाण्यात, स्नान आणि संध्याकाळी ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’. केसरी 1984 साली निघाली, वीणा वर्ल्ड 2013 साली; अशा कंपन्यांमुळे मराठी मध्यमवर्गाला गटाने जग पाहण्याची सवय लागली. सहल आखायची तर दिवसाचे तुकडे पाडावेच लागतात, म्हणून दर्शन एका रकान्यात, स्नान दुसऱ्यात आणि बाजार तिसऱ्यात जातो. प्रवासीही मनातल्या मनात त्यांची प्रतवारी लावतो. दर्शन पुण्याचे, स्नान गमतीचे आणि खरेदी जराशी ओशाळवाणी, बायकापोरांच्या हट्टाखातर केलेली. माझे म्हणणे असे की ही प्रतवारी उलटी आहे. यात्रेकरूला गावाशी जोडणारी गाठ दुकानात पडते. जपानने ती जपली, आणि रायगड जिल्ह्यात पेण ते पालीच्या टापूत देव, गरम पाणी आणि कारागीर हे तिन्ही असून ती सुटलेली आहे.

जपानी माणसाची जुनी यात्रा कशी होती ते आधी पाहू. इसे येथील महामंदिराला आयुष्यात एकदा तरी जावे ही तिथल्या सामान्य शेतकऱ्याची इच्छा असे, पण एवढा खर्च एकट्याला झेपत नसे. म्हणून गावोगाव ‘को’ नावाची मंडळे असत. सभासद ठरावीक वर्गणी भरत, चिठ्ठ्या टाकत आणि ज्याचे नाव निघेल तो सगळ्यांच्या वतीने इसेला जाई. आपल्याकडच्या भिशीची ही सख्खी बहीण. 1830 साली तर काही महिन्यांत 40 लाखांहून अधिक लोक इसेला लोटले. आता, गावाच्या पैशाने गेलेला माणूस रिकाम्या हाताने कसा परतणार? पाठीमागे राहिलेल्यांना त्यांच्या वाट्याचे काही तरी आणून देणे हे त्याचे कर्तव्यच ठरले. जपानमधील ‘ओमियागे’ ही प्रवासातून भेट आणण्याची रीत या यात्रांच्या वाटेवर वाढली. इसेच्या देवळासमोरच्या रस्त्यावर 1707 सालापासून विकली जाणारी आकाफुकू ही लाल चवळीसारख्या आझुकीच्या गोड पुरणाची मिठाई आजही तिथली ओळख आहे. म्हणजे दुकान देवळाच्या आडोशाला चोरून उभे राहिलेले नव्हते. न आलेल्यांपर्यंत यात्रा पोहोचवण्याचे काम ते करत होते.

हीच गोष्ट जास्त ठसठशीतपणे दिसते ती टोकियोच्या वायव्येला असलेल्या गुन्मा प्रांतात. तिथल्या इकाहो गावात 365 दगडी पायऱ्यांचा एक जिना डोंगर चढत जातो. दोन्ही अंगांना दुकाने आणि मुक्कामाची घरे, माथ्यावर इकाहोचे देवस्थान आणि पायऱ्यांच्या खालून वाहणारा गरम पाण्याचा पाट, ज्यातून दोहोंकडच्या घरांना पाणी वाटून दिले जाते. स्नान, देव आणि बाजार एका जिन्यावर बसवलेले. याच प्रांतातील ताकासाकी शहर दारुमा बाहुल्यांचे माहेर आहे. जपानमधील निम्म्याहून जास्त दारुमा इथे बनतात. दारुमा म्हणजे बोधिधर्म, भारतातून चीनला गेल्याचे मानले जाणारे ध्यानमार्गी आचार्य. कागदाच्या लगद्यापासून केलेली ही लाल, गोल, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली. 1783 साली आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, मागोमाग दुष्काळ आला, आणि शोरिन्झान मंदिराच्या परंपरेनुसार तिथल्या भिक्षूने शेतकऱ्यांना रिकाम्या हंगामात चार पैसे मिळावेत म्हणून दारुमा घडवायला शिकवले. या बाहुलीची खरी खुबी तिच्या डोळ्यांत आहे. ती विकली जाते ती कोऱ्या डोळ्यांची. घेणारा इच्छा धरून एक डोळा रंगवतो, इच्छा पुरी झाली की दुसरा, आणि मग जुना दारुमा मंदिरात परत नेऊन अग्नीला दिला जातो. खरेदी तिथे संपत नाही. बाहुली घेणाऱ्याला पुन्हा मंदिरात यायचे कारण देऊन ठेवते.

आता रायगड. मुंबई-गोवा महामार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूरचा फाटा लागतो. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही या भागातली गावे म्हणजे गणपतीच्या कारखान्यांची वस्ती. भाताच्या एका पिकावर आणि खाडीवर जगणाऱ्या गावांत घराघरांत साचे आले, काथ्या आणि माती आली, आणि पेण शहरात जुन्या मूर्तिकार घराण्यांनी रुजवलेली कला इथे गावाचा धंदा झाली. इथून वडखळ, नागोठणे, वाकण फाटा करत निघाले की पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांतला भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती. 1739 च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी दिलेली घंटा इथे दाखवतात. पालीपासून साधारण तीन किलोमीटरवर उन्हेरे, तिथे गरम पाण्याची कुंडे. नावातच सारे आहे. मराठीत ऊन म्हणजे कढत, आणि उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, जळगावातले उनपदेव, किनवट तालुक्यातले उनकेश्वर ही सगळी नावे त्याच उबेची. शेवटच्या दोन नावांत तर ऊन आणि देव एकाच शब्दात नांदतात. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरीच्या देवीलाही गरम झऱ्यांचीच सोबत आहे. कढत पाण्याजवळ देव पाहण्याची ही दृष्टी जपानकडून उसनी घेण्याची आपल्याला गरज नाही.

तरी जोहे, पाली आणि उन्हेरे या तीन ठिकाणांची एक यात्रा होत नाही. अष्टविनायकाची बस खालापूर तालुक्यातील महडचा वरदविनायक करून खोपोली रस्त्याने पालीला येते, दर्शन होते, जेवण होते आणि बस पुढच्या गणपतीच्या ओढीने निघते. उन्हेरे हाकेच्या अंतरावर असून बहुतेकांच्या वाट्याला येत नाही, कारण यादीत आठ गणपती आहेत आणि कुंड नाही. जोहे तर कुणाच्या मनातही नसते. ज्या देवाच्या आठ स्थानांसाठी माणूस दोन-तीन दिवस बसमध्ये बसतो, त्या देवाच्या मूर्ती जिथे जन्माला येतात ते गाव त्याला ठाऊक नसते. जोहे-हमरापूरहून मूर्तींचा मोठा भाग कच्चा जातो. पांढरी, न रंगवलेली मूर्ती व्यापारी उचलतो, रंगकाम आणि आखणी दुसऱ्या शहरात होते. मूर्तिकाराच्या हाताची परीक्षा आखणीत असते असे पेणमध्ये मानतात, कारण डोळे रेखले की माती पाहू लागते. ताकासाकीचा दारुमा कोऱ्या डोळ्यांनी जातो आणि त्या कोरेपणाचेच मोल घेतो. जोह्याची कच्ची मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी जाते आणि आपले निम्मे मोल, शिवाय गावाचे नाव, मागे टाकून जाते. दोन्हींत फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी घेणारा गावात येतो, दुसऱ्या ठिकाणी येत नाही.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येईल. देवाच्या दारी बाजार मांडू नये, आधीच तिथे दुकाने फार झाली आहेत. दुसरे वाक्य खरे आहे. पण तीर्थाच्या ठिकाणी आज जे विकले जाते त्यातले किती त्या गावचे असते? तेच प्लास्टिकचे खेळणे, तीच छापील तसबीर आणि तोच पेढा पालीतही मिळतो आणि शंभर कोसांवरही. मनाला जे खटकते ते या बेगावी मालाचे उपरेपण आहे. आपल्या जत्रेत बाजार नेहमीच होता. घोंगडी, भांडी, बैल, गूळ हे सारे देवाच्या साक्षीने विकले गेले आणि कुणाला त्यात विटाळ वाटला नाही. पेणचे पोह्याचे पापड किंवा मिरगुंडे पिशवीतून घरी जातात तेव्हा त्यांच्याबरोबर पेणची मिठागरे, भातशेती आणि तिथल्या बायकांची मेहनत जाते. अशा खरेदीने भक्ती मळत नाही, उलट गावाला देवळापलीकडचा चेहरा मिळतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. जपान श्रीमंत, शिस्तीचा, शिवाय ज्वालामुखींचा देश. तिथे झऱ्यांची उगमस्थाने 27 हजारांच्या घरात आहेत, त्याच्याशी रायगडाची बरोबरी कशाला? भूगर्भाचा फरक मान्यच. कोकणातले झरे ज्वालामुखीचे नाहीत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि वर येते. म्हणून ते मोजके आहेत, आणि मोजके आहेत म्हणूनच जास्त जपायला हवेत. शिस्तीचे म्हणाल तर ती रक्तातून येत नाही. ओन्सेनमध्ये उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचे, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, हे नियम दारातच चित्रांसह लावलेले असतात आणि धुण्याची जागा कुंडाच्या आधी बांधलेली असते. माणूस पाळतो कारण पाळणे सोपे केलेले असते. पैशाचीही सोय आहे. स्नान करणाऱ्याकडून तिथली नगरपालिका साधारण 150 येन, म्हणजे शंभराच्या आतबाहेर रुपये, एवढा स्नानकर घेते आणि तो झऱ्यांचे रक्षण, स्वच्छता, अग्निशमन, पर्यटन अशा ठरलेल्या कामांनाच वापरायचा असतो. एवढी रक्कम अष्टविनायकाच्या बसमधला माणूस चहा-वड्यावर सहज खर्च करतो. दारुमाची कथाही श्रीमंतीत सुरू झाली नाही, ती दुष्काळातल्या शेतकऱ्याच्या रिकाम्या हातांत सुरू झाली. जोहे गावाची सुरुवात त्याहून वेगळी नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गणपती ही आठवण म्हणून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. त्याची प्राणप्रतिष्ठा होते, पूजा होते, विसर्जन होते. आणि हे सारे भाद्रपदात. मग माघात किंवा मे महिन्यात आलेल्या प्रवाशाने जोह्याहून काय न्यायचे? उत्तर कोकणच्याच एका रिवाजात आहे. घरचा पाट आणि सुपारी मूर्तिकाराकडे आधी नेऊन द्यायची, ‘यंदाही आमचा गणपती तुमच्याकडेच’ असे सांगायचे, आणि चतुर्थीच्या तोंडावर त्याच पाटावर बसलेली मूर्ती घरी आणायची. कारखान्यांत काम जवळपास वर्षभर चालते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर काही महिने आधीच जहाजावर चढतात. तेव्हा उन्हेरे आणि पाली करून मुंबईकडे परतणाऱ्या माणसाने वाटेत जोह्याला पाट ठेवला, साच्यातून मूर्ती निघताना पाहिली, मातीची की प्लास्टरची हे समोरासमोर ठरवले, तर त्याने वस्तू विकत घेतली असे म्हणता येणार नाही, त्याने नाते जोडले. प्लास्टर ऑफ पॅरिसचा, म्हणजे पीओपीचा, तिढाही इथे थोडा सैल होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, 2025 मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात तापले आणि जोहे-हमरापूरच्या पोटावर टांगती तलवार आली. पीओपी टिकते ती निनावी, घाऊक बाजारात, जिथे हलके आणि स्वस्त हेच दोन निकष चालतात. शाडूच्या मूर्तीला मेहनत आणि वेळ जास्त लागतो. त्याचा दाम द्यायला तयार होणारा ग्राहक बहुधा तोच, ज्याने ती मेहनत डोळ्यांनी पाहिली आहे.

उरतो गर्दीचा धोका, आणि तो खोटा नाही. उन्हेऱ्याची कुंडे लहान आहेत. बसमागून बस रिकामी होऊ लागली तर पाण्याचे गटार व्हायला वेळ लागणार नाही. जपानलाही हे भोगावे लागते आहे. यामागाता प्रांतातील गिन्झान ओन्सेन या जुन्या, चिंचोळ्या गावाने 2024 च्या डिसेंबरपासून हिवाळ्यात संध्याकाळी मुक्कामाला नसलेल्या पाहुण्यांवर मर्यादा घातली. धडा स्पष्ट आहे: येऊन टिचकी मारून जाणाऱ्यापेक्षा राहणारा प्रवासी गावाला परवडतो. धावती बस कचरा टाकून जाते, मुक्कामी माणूस जेवतो, बोलतो, विकत घेतो आणि पुढच्या खेपेला ओळखीने येतो. म्हणून पेण-पालीच्या यात्रेला आधी एका रात्रीची, ठरावीक माणसांपुरत्या कुंडाची आणि गावाच्या हाती राहणाऱ्या छोट्या कराची जोड हवी, जाहिरात त्यानंतर.

जपानहून परतलेल्या मराठी घरात शोकेसमध्ये पुष्कळदा एक लाल दारुमा बसलेला असतो, एका डोळ्याचा. दुसरा डोळा रंगवायचा राहिलेला असतो, आणि रंगवला तरी दारुमा मंदिरात परत न्यायला ताकासाकी फार दूर. जोह्याचा पाट मात्र दर वर्षी घरी येऊ शकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कारखान्याच्या फळीवर जाऊन बसू शकतो, हमरापूरच्या फाट्यावर बस एकदा वळली तर.