लांब पाठीची मोटार

श्रोतेहो, मनुष्याचें मन कोणत्या वयांत कोणत्या वस्तूवर जडेल याचा नेम नाहीं. साठी उलटल्यावर भजन, बागकाम, नातवंडें किंवा वर्तमानपत्र यांत जीव रमवावा, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. मीं धाराशिव जिल्ह्यांतील शाळांतून सारें आयुष्य गणित व शास्त्र हे विषय शिकविले. त्या काळांत सायकल, पुढें मोपेड आणि नित्याची एस. टी. एवढ्यावर माझा सर्व प्रवास झाला. मोटारीशीं आपला कधीं संबंध येईल असें स्वप्नांतही आलें नव्हतें. परंतु मी निवृत्त झालों त्याच सुमारास माझे मेहुणे पुण्याहून परदेशीं आपल्या मुलाकडे राहावयास गेले, आणि त्यांची १९९६ सालची टाटा इस्टेट ही जुनी गाडी आमच्या अंगणांत येऊन उभी राहिली. ती चालवितां यावी म्हणून मी सोलापुरास कांहीं दिवस राहून ही विद्या शिकलों. आणि पाहतां पाहतां त्या विद्येचा मला छंद लागला. ही गाडी कोणत्या जातीची, तिच्या घडणींत काय विशेष आहे आणि ती चालविण्यांत आनंद कशाचा, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. जिचें छप्पर मागच्या टोंकापर्यंत सरळ जातें, जिला वेगळी डिकी नसते, आणि जिचें मागील दार उघडलें कीं थेट बैठकीच्या पाठीपर्यंत सामान ठेवतां येतें, अशा मोटारीस अमेरिकेंत 'स्टेशन वॅगन' म्हणतात. रेल्वे-स्टेशनावर उतरलेलीं माणसें आणि त्यांच्या पेट्या-वळकट्या मुक्कामाच्या जागीं पोंचविणारी गाडी, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पूर्वीं हें काम घोड्यांच्या गाड्या करीत. मोटारी निघाल्यावर त्यांच्या सांगाड्यावर सुतारांकडून लांकडी घर बसवून घेत. फोर्ड कंपनीनें १९२९ सालीं अशी गाडी आपल्या नेहमींच्या विक्रींत आणली, आणि १९४६ सालीं विलीज कंपनीनें अशी गाडी सबंध पत्र्याची केली. इंग्लंडांत हिलाच 'इस्टेट' म्हणतात, कारण तेथें ती जमीनदारांच्या शेतीवाडीवर सामान नेण्याच्या कामीं येई. एकीकडे स्टेशन, दुसरीकडे शेत. नांवें दोन, परंतु काम एकच.

आमच्या गांवास हा शब्द विशेष लागू पडतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरानें उभारलेली बार्शी लाईट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली आणि १९११ सालीं ती लातुरास पोंचली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही लहान गाडी येडशीवरून जात असे. जिल्ह्याचें ठाणें असलेलें आमचें गांव मात्र बाजूस राहिलें. येडशीस उतरावें आणि पुढचे सुमारें वीस किलोमीटर बैलांच्या दमणींतून किंवा टांग्यांतून कापावेत, हा आमच्या आजोबांच्या पिढीचा प्रवास. पुढें मार्ग रुंद झाला तेव्हां तो वळवून घेण्यांत आला, आणि २००७-०८ च्या सुमारास गांवास स्वतःचें स्टेशन मिळालें. म्हणजे शंभर वर्षें आमची दमणी हीच आमची स्टेशन वॅगन होती! तिच्यांत माणसें पुढें आणि बोचकीं मागें, हीच मांडणी असे.

आपल्या देशांतील मोटारींच्या इतिहासांतही आमच्या शेजारच्या सोलापूरचें नांव येतें. वालचंद हिराचंद हे सोलापुरास जन्मलेले. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. त्याच कंपनीच्या पद्मिनी गाडीनें पुढें मुंबईची टॅक्सी म्हणून नांव कमावलें. टाटांची टेल्को कंपनी १९४५ सालची. तिनें १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी केल्या. ट्रक करणाऱ्या या कंपनीनें १९८८ सालीं टाटामोबाईल ही लहान मालगाडी आणली, तिच्याच सांगाड्यावर १९९१ सालीं सिएरा आणि १९९२ सालीं इस्टेट उभी केली. इस्टेटचा चेहरामोहरा पाहिला कीं जर्मन मर्सिडीझच्या लांब गाडीची आठवण व्हावी. परंतु अंगाखालीं मात्र कष्टकरी मालगाडीचीं हाडें. कुलीन चेहरा आणि शेतकऱ्याचें शरीर, असें हें मिश्रण आहे.

तरीही ही जात आपल्याकडे रुजली नाहीं. इस्टेटचें उत्पादन २००० च्या सुमारास थांबलें. २००४ सालीं त्याच कंपनीनें इंडिगो मरीना ही लहान आकाराची भगिनी आणली. तीही फार वर्षें टिकली नाहीं. याचीं कारणें समजण्यासारखीं आहेत. १९९४ सालीं टाटा सुमो आली. सुमंत मूळगांवकर यांच्या नांवांतील अक्षरांवरून तिचें नांव पडलें. ती उंच होती, तिच्यांत दहा माणसें बसत, आणि आपल्याकडे प्रवास म्हटला कीं सामानापेक्षां माणसेंच अधिक असतात. ज्यास सामान न्यावयाचें त्यास टेम्पो स्वस्त. ज्यास मान हवा त्यास मागें डिकी असलेली मोटार प्रिय. शिवाय २००६ सालीं चार मीटरांहून आंखूड मोटारींवरील अबकारी कर कमी झाला, आणि लांबी हा गुण न राहतां खर्चाचा विषय होऊन बसला. स्टेशन वॅगन धड श्रीमंतीची नव्हे, धड भाड्याची नव्हे. मधल्यामधें ती मागें पडली.

आतां तिच्या घडणीकडे वळूं. इस्टेटचें इंजिन १९४८ घनसेंटिमीटरचें, डिझेलवर चालणारें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगीनें इंधन पेटतें; डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. तेथें हवा इतकी दाबली जाते कीं ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा पडतांच भडका होतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोंक हातास गरम लागतें, तेंच हें तत्त्व. माघांतील थंड पहाटे हवा पुरेशी तापत नाहीं. म्हणून अशा जुन्या इंजिनांत आधीं हीटर तापवावा लागतो. किल्ली अर्धवट फिरवून, समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावें आणि मगच इंजिन सुरू करावें. हे कांहीं क्षण मला फार आवडतात. यंत्र आपणांस सांगतें, "मास्तर, थोडा दम धरा."

या गाडीस जोर मिळतो तो मागील चाकांना. रिकामी असतां तिची पाठ हलकी राहते, म्हणून पावसाळ्यांत काळ्या मातीच्या वाटेवर मागचीं चाकें घसरूं पाहतात. मागें दोन पोतीं ठेवलीं कीं त्याच चाकांची पकड वाढते. परंतु ओझें कसें ठेवावें याचेही नियम आहेत. जड वस्तु तळाशीं आणि बैठकीच्या पाठीस टेकवून ठेवावी; हलकी वस्तु वर व मागें ठेवावी. सामान दोरीनें बांधावें, कारण गाडी अकस्मात थांबली तरी आंतील वस्तूची गति थांबत नाहीं, आणि या गाडींत माणसें व सामान यांच्यामधें डिकीची भिंत नाहीं. मागें ओझें वाढलें कीं पुढचे दिवे वर उचलले जातात व समोरच्याचे डोळे दिपतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट ज्यांच्याकडे अशी मोटार आहे त्यांनीं विसरूं नये. सरळ कापल्यासारख्या पाठीची गाडी वेगानें पुढें जाते तेव्हां तिच्या मागें हवेचा दाब कमी होऊन भोंवरे उठतात. रस्त्यावरची धूळ त्या जागेंत ओढली जाते. म्हणूनच अशा गाडीची मागची कांच सर्वांत आधीं मळते. धुळीप्रमाणें धूरही तेथेंच ओढला जातो. लांब वांसे किंवा पाईप नेण्यासाठीं मागचें दार उघडें टांगून गाडी चालविली, तर तो विषारी धूर आंत शिरतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, रंग नाहीं. माणसाला गुंगी येते आणि कारण कळत नाहीं. वांसे टेम्पोनें न्यावेत, हाच उत्तम मार्ग.

मग आनंद कोठें आहे, असें आपण विचाराल. सोलापुराहून तुळजापुराकडे येतांना रस्ता बालाघाटाच्या डोंगरावर चढूं लागतो. नव्या मोटारींत वेगाचा हिशेब यंत्रेंच पुष्कळ अंशीं ठेवतात. या गाडींत तो आपला आपण ठेवावा लागतो. चढ दिसण्यापूर्वीं इंजिनाचा आवाज ऐकावा, तो जड झाला कीं गिअर खालीं घ्यावा, वळणाआधींच वेग उतरवावा. उतारावर तर पायापेक्षां गिअरवर भिस्त ठेवावी, कारण ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात आणि तापलेले ब्रेक दगा देतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें, हें मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल! ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणारी मोटार, आपणांस धोका दिसून पाय ब्रेकवर जाईतों, एका सेकंदांत अकरा मीटर पुढें जाते. ऐंशीच्या वेगानें बावीस. खडूनें लिहिलेलें हें गणित आतां माझ्या तळपायास समजलें आहे. दूरवर पाहावें, जवळचें ऐकावें, हात मोकळे आणि चित्त बांधलेलें असावें: वर्गांत जें अवधान लागत असे तेंच येथें लागतें. निवृत्तीनंतर मनाची ती जागा रिकामी झाली होती. ती या चाकानें भरली.

परंतु केवळ छंदासाठीं एवढें बोललों नसतों. चार वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीस अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय अधू झाला आणि एस. टी.च्या पायऱ्या तिला बंद झाल्या. आमच्या गाडीची बैठक साधारण खुर्चीच्या उंचीची आहे. तिला वांकावेंही लागत नाहीं आणि चढावेंही लागत नाहीं. चाकांची खुर्ची मागच्या दारानें सरळ आंत जाते. तिचें माहेर तेर. संत गोरोबाकाकांची समाधि तेथेंच. आम्ही महिन्यांतून एकदां तेरला आणि एकदां तुळजापुरास जातों. रस्त्यांत कोणाची पेरणी झाली, कोणाची तूर फुलली, हें ती खिडकींतून मोजीत बसते. परततांना शेजाऱ्यांची पेंढ, कधीं कोणाची बाळंतीण, आणि एकदां एक उस्मानाबादी शेळी दोन करडांसह, असे उतारू मागच्या दालनांत येऊन गेले आहेत. ती गाडी नसती तर आमचें जग अंगणाएवढें झालें असतें.

म्हणूनच पुढचा प्रश्न माझ्यापुढें खरा आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती नवी करावी लागते. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठीं ही फी १ एप्रिल २०२२ पासून पांच हजार रुपये झाली, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठीं २०२५ सालीं ती दहा हजार झाली. राज्याचा पर्यावरण कर निराळा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास ही रक्कम लहान नाहीं. परंतु या नियमामागें कारण आहे. माझी गाडी २००० सालीं देशभर लागू झालेल्या धुराच्या नियमांच्या आधींची आहे, आणि आजच्या मोटारी २०२० पासून भारत स्टेज सहा या कडक मापावर उतरतात. माझ्या छंदाचा धूर शेजाऱ्याच्या नातवानें घ्यावा, हें न्यायाचें नव्हे.

यावर आम्ही दोघांनीं बसून कांहीं नियम ठरविले आहेत. पायीं किंवा एस. टी.नें होण्यासारख्या कामास ही गाडी काढावयाची नाहीं. इंधनाची गाळणी व तेल वेळच्या वेळीं बदलावयाचें. धूर काळा दिसला तर दुरुस्तीपूर्वीं अंगणाबाहेर पडावयाचें नाहीं. दिवेलागणीनंतर गाडी चालवावयाची नाहीं. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवाना पांचच वर्षांसाठीं नवा होतो आणि त्यास वैद्याचें प्रमाणपत्र लागतें. परंतु मी पांच वर्षें थांबत नाहीं, दरवर्षीं डोळे तपासून घेतों. गाडी तपासणींत नापास झाली तर ती मोडीत जाईल. मी नापास झालों तर किल्ली आमच्या पुतण्याच्या हातीं जाईल. परीक्षा दोघांचीही आहे, आणि आयुष्यभर परीक्षा घेणाऱ्यानें ती देण्यास कां कचरावें?

श्रोतेहो, जुनी मोटार घ्या असा माझा उपदेश नाहीं. सांगणें एवढेंच कीं, जी वस्तु दैवानें पदरीं टाकली तिची रीत नीट समजून घ्यावी. तिचें बळ कशांत आहे, तिचा धोका कोठें आहे, हें जाणावें, आणि तिच्याकडून कोणाचें तरी ओझें हलकें करून घ्यावें. समजून घेतलेली वस्तु आवडूं लागते. येत्या पौर्णिमेस आम्हांला तुळजापुरास जावयाचें आहे. तेव्हां उद्यां सकाळीं चाकांतील हवा पाहून ठेवली पाहिजे.