पाणी कस्टममध्ये अडले

‘फायर : द ग्रेटेस्ट पार्टी दॅट नेव्हर हॅपन्ड’ हा ख्रिस स्मिथ दिग्दर्शित माहितीपट जानेवारी २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. बहामाजमधील ग्रेट एग्झुमा बेटावर एप्रिल २०१७ मध्ये फसलेल्या संगीत महोत्सवाची ही हकिगत. बिली मॅकफार्लंड हा तरुण उद्योजक आणि रॅपर जा रूल त्याचे कर्तेधर्ते. डिसेंबर २०१६ मध्ये नामवंत मॉडेलनी समाजमाध्यमांवर एकाच वेळी नारिंगी चौकोन झळकवले आणि तिकिटे धडाधड खपली. आलिशान मुक्कामाच्या आशेने आलेल्यांना मिळाले आपत्तीग्रस्तांसाठीचे तंबू आणि आदल्या रात्रीच्या पावसात भिजलेल्या गाद्या.

सर्वांत बोलका प्रसंग पाण्याचा. बाटलीबंद पाण्याचे चार ट्रक कस्टमने अडवले. शुल्क १,७५,००० डॉलर, आणि गल्ल्यात खडखडाट. अधिकाऱ्याला शरीरसुख देऊन पाणी सोडवून आण, असे मॅकफार्लंडने सांगितल्याचे आयोजक अँडी किंग कॅमेऱ्यासमोर सांगतात. ते तयारीनिशी गेलेही. पण पैसे आले की आधी आपले शुल्क चुकवा, एवढ्या बोलीवर अधिकाऱ्याने पाणी सोडले.

शहापूरच्या वाचकाला यातले मर्म सांगावे लागत नाही. तानसा, भातसा ही इथली धरणे मुंबईची तहान भागवतात आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार बसतो. बैल घेऊन निघणारा शेतकरी चारापाण्याचा विचार आधी करतो. एग्झुमाच्या महोत्सवाची मात्र आधी जाहिरात झाली, मग जागेची शोधाशोध.

बुडाले ते मात्र फक्त तिकीटवाले नव्हेत. राबलेल्या स्थानिक मजुरांची मजुरी थकली. त्यांना जेवू घालणाऱ्या मेरीअॅन रोल या खानावळवालीने पदरचे सुमारे ५०,००० डॉलर घातले. माहितीपट पाहून लोकांनी तिच्यासाठी दोन लाखांहून अधिक डॉलर जमवले, ही या चित्रपटाची खरी कमाई म्हणावी लागेल. मात्र त्याच्या निर्मात्यांत महोत्सवाची जाहिरात करणारी जेरी मीडियाही होती. साहजिकच तिच्या वाट्याचा दोष पडद्यावर सौम्य वाटतो. काही दिवस आधी हुलूवर आलेल्या ‘फायर फ्रॉड’ने तर खुद्द मॅकफार्लंडला मुलाखतीचे पैसे मोजले.

त्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये सहा वर्षांची कैद झाली आणि सुमारे २.६ कोटी डॉलर जमा करण्याचा आदेश झाला. सुटल्यावर त्याने ‘फायर २’ची घोषणा केली. २०२५ मध्ये मेक्सिकोतल्या ज्या इस्ला मुहेरेस बेटाचे नाव त्याने घेतले, तिथल्या प्रशासनाने अशा कार्यक्रमाची आपल्याला माहितीच नसल्याचे कळवले. हा महोत्सवही बेमुदत पुढे ढकलला गेला.