मॉरिशस : एका दिवसाला एकच दिशा

ज्वालामुखीतून जन्मलेले मॉरिशस बेट लहान असले, तरी एका दिवसात सामावणारे नाही. मार्गदर्शकासह सहल आखताना दिवसाला एकच दिशा निवडावी. नैर्ऋत्येला जायचे असेल, तर सकाळीच ल मॉर्न पर्वत गाठावा. गुलामगिरीतून निसटलेल्यांनी ५५६ मीटर उंचीच्या या पर्वतावर आश्रय घेतला होता. २००८ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. वरचा टप्पा खडा असल्याने ज्येष्ठांनी व लहानग्यांनी पायथ्याशीच थांबावे. दुपारी शामारेलची सप्तरंगी माती पाहावी. जून-जुलैत सूर्य सहाच्या आत मावळतो; परतीची वेळ आधीच ठरवावी. पावसाची चिन्हे पाहून मार्गदर्शकाने माघारी फिरण्यास सांगितले, तर शिखराचा मोह सोडावा. ज्या पर्वताने जिवांना आसरा दिला, तेथे हट्टापायी जीव धोक्यात घालणे शोभत नाही.