पगार वाढवला, तरी माणसं का सोडून जातात?

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याला लागलं की आधी सातपूरची औद्योगिक वसाहत येते आणि पुढे तासाभराच्या आत त्र्यंबकेश्वर. कामाचे दोन अगदी वेगळे घाट एकाच रस्त्यावर.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांचं काम बघा. यजमानाचं गाव-आडनाव विचारून वंशावळीची वही काढायची, त्याच्या पणजोबाचं नाव दाखवायचं, राहण्याजेवणाची सोय लावायची, नारायण नागबळीचा तीन दिवसांचा विधी पार पाडायचा आणि वहीत नवी नोंद करायची. सारं एकाच घराच्या हातात. यजमान समाधानी आहे का, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी संशोधकांनी १९७०च्या दशकात नेमक्या याच गोष्टी मांडल्या : कामात निरनिराळी कौशल्यं लागावीत, ते अथपासून इतिपर्यंत आपलं असावं, कुणाच्या तरी उपयोगी पडावं, निर्णयाची मोकळीक असावी आणि कसं झालं ते करणाऱ्याला कळावं. या पाचांचा दुष्काळ असेल तर मन उडतं; गैरहजेरी वाढते, मग राजीनामे. अर्थात उपाध्ये टिकतात त्यात वंशपरंपरेचा हक्क आणि दक्षिणा यांचाही वाटा आहे. सगळं श्रेय कामाच्या आखणीला देणं भाबडेपणाचं ठरेल.

उलट टोक म्हणजे हेन्री फोर्डचा कारखाना. १९१३ साली तिथे सरकती जुळणी-लाईन आली आणि एकेका कामगाराच्या वाट्याला एकच हालचाल उरली. त्या वर्षी सुमारे १४ हजार माणसं कामावर राहावीत म्हणून ५० हजारांहून अधिक भरती करावी लागली. जानेवारी १९१४मध्ये फोर्डने रोजचा मोबदला दुपटीने वाढवून पाच डॉलर केला. गळती झपाट्याने घटली, काम मात्र तेवढंच कंटाळवाणं राहिलं. म्हणजे पैशाने माणूस थांबतो. पण वाईट आखणीची ती किंमत मालकाला कायम मोजत राहावी लागते.

दुसरी वाट आपल्याकडेच चोखाळली गेली. १९५३ साली, अहमदाबाद तेव्हाच्या मुंबई राज्यात असताना, कॅलिको गिरणीत संशोधक ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या खात्याची घडी बदलली. आधी तिथे बारा प्रकारची कामं बारा प्रकारच्या कामगारांत वाटलेली होती आणि कुणाचा हात कुणाच्या कामाला लागत नव्हता. राइस यांनी मागांचे गट पाडून प्रत्येक गट एका छोट्या टोळीकडे सोपवला. आतली वाटणी कामगारांनीच ठरवली. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. यंत्रं तीच होती.