कार्डावरची शेवटची ओळ

नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून माझी २२ वर्षं झाली. बाळ घरी जायचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच. आजी टोपडं-कुंची घेऊन हजर, वडील बिलाच्या रांगेत, आणि डिस्चार्ज कार्ड कुणाच्या तरी हातात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कार्डावर शेवटी इंग्रजीत एक ओळ असते : आरओपी तपासणी, अमुक तारीख. कित्येक वर्षं मी त्या ओळीवर बोट ठेवून ‘या दिवशी डोळे दाखवा’ म्हणायचे आणि पुढच्या बाळाकडे वळायचे. माझ्या लेखी सांगून झालेलं असायचं.

एकदा एक आजी हसल्या. “डोळ्यांना काय धाड भरलीय? टुकूटुकू बघतंय की!”

त्यांचं तरी काय चुकलं? आरओपीत, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्यांच्या या आजारात, सुरुवातीला डोळा बाहेरून ठणठणीतच दिसतो. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावर रक्तवाहिन्या पुरत्या पसरलेल्या नसतात. जन्मानंतर, त्यातही ऑक्सिजन जास्त झाला तर, त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सुटा करू शकतात. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा हलक्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायचे. फारच लहान असेल तर त्याच्याही आधी. वेळेत सापडलं तर लेझरने बहुतेकदा नजर वाचते.

१९९६ साली चेन्नईतल्या एका सरकारी रुग्णालयात २९व्या आठवड्यात १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. हा धोका आईवडिलांना कुणी सांगितलाच नाही. मुलीची दृष्टी गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई द्यायला लावली, तेव्हा ती १८ वर्षांची होती.

तिथे कुणी बोललंच नव्हतं. आम्ही बोलतो, पण कुणाशी? नातेवाईक दारातच अडवतात, “तिला काही सांगू नका सिस्टर, ओली बाळंतीण आहे, दूध आटेल.” मीही मान डोलवायचे. मग कार्ड सासरी कपाटात राहायचं आणि आई बाळाला घेऊन माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. तारीख निघून जायची. ज्या बाईच्या मांडीवर बाळ, तिलाच वगळून आम्ही ‘घरच्यांना कल्पना दिली’ असं लिहून मोकळे व्हायचो.

आता मी आधी आईला बसवते, बाळ तिच्याकडे देते. घाबरवत नाही, पण लपवतही नाही. सांगून झालं की उलट विचारते, “माहेरी आईनं विचारलं, डोळे कशाला दाखवायचे, तर काय सांगशील?”

परवा एक विशीतली पोरगी थोडा विचार करून म्हणाली, “वरनं बरं दिसतं, पण आतला पडदा अजून कच्चा आहे. आत बघायला लागतं.” मग बोटांवर दिवस मोजले. “गुरुवार ना? म्हणजे आमच्या बाजाराचा दुसरा दिवस.”

तिचे शब्द मी कार्डावर मराठीत उतरवले, आणि मगच सही केली.