दुखत नाही म्हणून थांबू नका : इमर्जन्सीत केव्हा धावायचं आणि तिथं काय होतं



16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. जाळी घरी आली, डोंगे काठावर उलटे पडले. पण तलाव काही सुटत नाही. राखणीला कोणी ना कोणी झोपडीत झोपतंच, तेही खाली, चटईवर. याच दिवसांत बिळात पाणी भरते आणि साप कोरडी जागा शोधत आपल्याजवळ येतात. म्हणून हा विषय आजच घेतो आहोत.

आधी आमचीच चूक सांगतो.

मागच्या एका पावसाळ्यात आपला एक सभासद राखणीला होता. आमच्यातले दोघं सोबत होते. रात्री अडीचला तो उठला. "पोट दुखते जी." आम्ही म्हटलं, गॅस झाली असन. ओवा दिला, कोमट पाणी दिलं. चारला म्हणाला, घसा दुखते, थुंकी गिळता येत नाही. पाचला डोळे मिटायला लागले. आम्हाला वाटलं, चला, झोप लागली एकदाची. उजाडल्यावर पाहिलं तर पापण्या उचलतच नव्हत्या आणि बोलणं जड झालेलं. मनगटाजवळ दोन बारीक टिपके. सूज नाही, रक्त नाही. गाडी काढून जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत श्वास अडखळत होता. लगेच नळी टाकली, मशीनवर घेतलं. दोन दिवसांनी त्यानं डोळे उघडले. आज तो जाळं विणतो आहे.

डॉक्टरांनी आम्हाला एवढंच विचारलं, दुखायला किती वाजता लागलं? "अडीच" म्हणताना आमच्या माना खाली गेल्या. साडेतीन तास आम्ही ओवा चारत बसलो होतो.

तो मण्यार होता, ज्याला आपल्याकडे करैतही म्हणतात. हा साप रात्री चावतो, झोपलेल्या माणसाला चावतो, आणि चावल्याचं बहुतेक वेळा कळतच नाही. त्याचं विष नसांवर चालते. आधी पोटदुखी, उलटी, घशात अडकल्यासारखं. मग पापण्या पडतात, मग जीभ जड होते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, फक्त हलू शकत नाही. पण तेवढा वेळ कोणी त्याचा श्वास चालू ठेवला तर तो परत येतो. आणि ते काम दवाखान्यातच होते.

तर आज एकच गोष्ट सांगायची आहे. किती दुखते यावरून ठरवू नका, लक्षण कोणतं आहे त्यावरून ठरवा.

देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत साप चावून सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यातली, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरातली. जास्त मृत्यूंच्या राज्यांत आपला मध्यप्रदेशही आहे. औषध असताना हे होते, कारण माणूस उशिरा पोचतो.

वेळेवर पोचल्यानं काय फरक पडतो, त्याचा दाखला आपल्याच मराठी मुलखात आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाड भागात लाल विंचू चावून शंभरातले तीस-चाळीस जण मरायचे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून पाहिलं की ही माणसं दुखण्यानं मरत नाहीत. हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरते, त्यानं मरतात. मग त्यांनी प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची स्वस्त गोळी वापरून पाहिली. मृत्यू शंभरात एक-दोनवर आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी कितीही चांगली असली तरी माणूस घरीच झाडफूक करत बसला तर ती पोटात जाणार कशी?

ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही

साप चावला किंवा चावल्याची शंका आहे. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, पडत्या पापण्या, गिळता न येणं घेऊन उठला, तर खूण दिसो न दिसो, साप समजूनच चाला.

पाण्यात बुडून वाचलेला माणूस. शुद्धीवर आला, बोलला, तरी न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

छातीवर दगड ठेवल्यासारखं होते, घाम फुटतो, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाते. ही "गॅस" आहे की हार्ट अटॅक, हे ईसीजी ठरवते, आपण नाही.

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळते. हा लकव्याचा झटका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागते. म्हणून शेवटचं नीट कधी होता ते घड्याळात पाहून ठेवा.

विजेचा धक्का, अंगावर वीज पडणं, डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी, न थांबणारं रक्त, झटके, श्वास लागणं.

ताप आहे आणि माणूस बरळतो, उठवत नाही, लघवी काळसर होते. बैहर, बिरसा, लांजीच्या जंगलपट्टीतल्या लोकांनी मलेरिया विसरू नये.

आणि साधी सर्दी, जुनी खाज, दोन दिवसांचा ताप पण खातोपितो आहे? मग सकाळी ओपीडीत जा. इमर्जन्सीतली खाट दुसऱ्या कोणासाठी सोडा.

गाडी येईपर्यंत

108 लावा. नाही लागला तर 112. गाडी लांब असेल तर वाट पाहू नका, गावातली काढा. सर्पदंशासाठी 15400 ही केंद्राची हेल्पलाइन आहे. ती सुरुवातीला ज्या पाच राज्यांत आणली, त्यात आपलं राज्य आहे.

साप चावला असेल तर माणसाला निजवा, चालू देऊ नका. हातपाय मोडल्यावर फळी बांधतो तसा तो अवयव स्थिर करा. अंगठी, कडं, पैंजण काढा. दोरीनं आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं चोखायचं नाही. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच औषध चालते. देवाचं नाव घ्या, पण गाडीत बसून घ्या.

बुडालेल्याला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या. मग छातीच्या मधोमध 30 वेळा जोरात दाबा, मग 2 श्वास, असं गाडी येईपर्यंत चालू ठेवा. वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका.

जायचं कुठं

जवळचं सरकारी रुग्णालय पहिलं. वारासिवनी, कटंगी, बैहर, लांजीकडच्यांनी थेट बालाघाट गाठायच्या नादात वेळ घालवू नये. सापाच्या औषधाचा पहिला डोस, सुरुवातीलाच आठ-दहा शिश्या लागतात, तिथंच सुरू होऊ द्या, मग पुढं रेफर. रजेगाव-किरनापूर पट्ट्यातला माणूस गोंदियाला लवकर पोचत असेल तर तिकडे जा. राज्याची हद्द आड येत नाही. आयुष्मान कार्ड देशभर, योजनेतल्या कोणत्याही दवाखान्यात चालते, वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंत.

आत गेल्यावर

तिथं नंबर आल्याप्रमाणं लागत नाही, जिवाला धोका पाहून लागतो. आपण आधी आलो आणि मागून आलेल्याला आधी घेतलं, तर भांडू नका. उद्या तो मागून आलेला आपला माणूस असेल.

तीन गोष्टी सांगा : काय झालं, किती वाजता झालं, काय औषध दिलं. जडीबुटी दिली असेल, दारू प्यालेला असेल तर तेही लपवू नका. तिथं कोणी न्याय करायला बसलेलं नाही.

सर्पदंश, बुडणं, अपघात असेल तर एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवतात. ही आपल्यावरची केस नाही, नोंद आहे. कागद-पैसे नंतर, जीव आधी, हा सुप्रीम कोर्टाचा 1989 चा परमानंद कटारा निकाल आहे. सरकारी असो की खाजगी, तातडीचा पेशंट तसाच परत पाठवता येत नाही.

कागद मात्र जपून ठेवा. मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात नाव असेल तर अपघातानं भरती झाल्यास 25 हजारांपर्यंत, कायमचं अर्धं अपंगत्व आल्यास अडीच लाख, पूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू झाल्यास 5 लाख मिळतात. डिस्चार्ज कार्ड चुलीत गेलं तर विमाही गेला समजा.

आता आपलं काम

प्रत्येक तलावावरच्या झोपडीत या आठवड्यात एक कागद चिकटवा. त्यावर 108, जवळचं रुग्णालय, आणि रात्री गाडी काढेल अशा दोन माणसांचे नंबर मोठ्या अक्षरात. राखणीवाल्याला खाट आणि मच्छरदाणी द्या. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली की मच्छर आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात. हाताशी बॅटरी ठेवा.

"उगाच नेलं, काहीच निघालं नाही" असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या. एक फेरी गेली, पेट्रोल गेलं, बस. आम्ही त्या रात्री पेट्रोल वाचवलं होतं. सभासद नशिबानं वाचला.

पोस्ट आपल्या घाटावरच्या सगळ्यांना पाठवा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांना वाचून दाखवा.